कुरूप भिंतीपुढची फुलांची उभी बाग : पुण्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची मागची भिंत येते. निम्मा गिलावा पडलेला, मधून गंजका पाइप उतरलेला, पावसाळ्यात वरपासून खालपर्यंत काळी पडणारी. तिच्यापुढे लोखंडी सांगाडा उभा करून मी त्यावर फुलं लावली. ती पाहायला आलेल्यांनी आणि फोटो पाहिलेल्यांनी जे प्रश्न सतत विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुण्याच्या हवेला धरून आहेत. कोकणातल्या दमट हवेला यातली बरीच जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

१. भिंतीलाच खिळे ठोकून कुंड्या लटकवल्या तर काय बिघडतं? वेगळा सांगाडा कशाला?

मुळात ती भिंत बहुधा तुमची नसते. शेजाऱ्यांची असते, नाहीतर सोसायटीची. शिवाय जी भिंत झाकावीशी वाटते तिचा गिलावा आधीच फुगलेला असतो. त्यात छिद्रं पाडली की त्यातून पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. बागेला रोज पाणी घालावं लागतं, म्हणजे भिंतीला चिकटवलेली बाग भिंतीला वर्षभर ओलं ठेवते. स्वतःच्या पायावर उभा असलेला सांगाडा भिंतीला हातच लावत नाही. भिंतीची डागडुजी करायची झाली तर कुंड्या उतरवून काम करता येतं, आणि भाड्याच्या घरात असाल तर घर सोडताना सगळं सोबत नेता येतं.

२. सांगाडा भिंतीपासून किती लांब ठेवायचा?

कमीत कमी ९ इंच. जागा असेल तर सव्वा फूट ठेवा. तुमचा हात खांद्यापर्यंत आत जायला हवा, हे माझं माप आहे. कारण पिंपळ आणि उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी पुण्यातल्या कुठल्याही भेगेत रुजतं. बागेच्या आडोशाला ते दिसतही नाही, आणि वर्षभरात मूळ विटांत शिरतं. मी दर पौर्णिमेला बॅटरी घेऊन मागची फट पाहते. चार पानांचं रोप ओल्या भिंतीतून दोन बोटांनी अख्ख्या मुळासकट निघतं. तेच सहा महिने राहिलं तर वर तुटतं आणि आतून पुन्हा फुटतं.

३. भिंतीला ओल आहे. बागेनं झाकली तर दिसणार तर नाही ना?

दिसणार नाही आणि म्हणूनच झाकू नका. आधी ओलीचं कारण शोधा. फूटभर प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं असेल तर ओल आतून येते आहे : गळका पाइप, न्हाणीघर किंवा जमिनीतून चढणारी ओल. बाहेरच्याच बाजूला दव असेल तर दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. आतून ओल येत असेल तर दुरुस्ती मार्च ते मे या काळात उरकून घ्या, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच सांगाडा उभा करा.

भिंत तुमची असेल तर रंग देताना पांढरा टाळा. पानांच्या फटींतून पांढरं लगेच डोळ्यात भरतं. राखाडी किंवा शेवाळी रंगावर अर्धवट वाढलेली बागसुद्धा भरल्यासारखी दिसते.

४. सांगाडा कशाचा करावा?

दीड इंची चौरस जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, जाडी २ मिलिमीटर. माझा सांगाडा ६ फूट रुंद आणि जमिनीवर ७ फूट उंच आहे. तीन उभे पाइप, तीन आडवे, मागून दोन तिरके टेकू. मिळून ५० फुटांच्या आसपास पाइप लागला. हा पाइप फुटाला साधारण पाऊण किलो भरतो, म्हणजे सगळा सांगाडा ३७-३८ किलोंचा. त्यावर २ इंची चौकटीची वेल्ड मेश जाळी.

वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी जस्ताचा थर जळतो. गंज तिथूनच सुरू होतो. त्यामुळे सांधे घासून त्यांवर झिंकचा प्रायमर आणि मग दोन हात ऑइलपेंट, हे वेल्डिंगवाल्याकडून तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. उभ्या पाइपांची वरची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून पाइप आतून सडतो. जुन्या बाजारातला माल स्वस्त पडतो, पण पाइपाच्या टोकाकडून आत बघून घ्या.

बांबू सुंदर दिसतो, पण जमिनीत गाडलेला भाग वाळवी आणि ओल यांमुळे फार टिकत नाही. बांबूच हवा असेल तर माणगा जातीचा भरीव बांबू घ्या आणि तो जमिनीत न रोवता लोखंडी खुंटीला बांधा.

५. वाऱ्यानं पडणार नाही ना?

हा प्रश्न सगळ्यांत उशिरा विचारला जातो आणि तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. फुलांनी भरलेला सांगाडा म्हणजे शीडच. भारतीय मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्या वेगाला चौरस मीटरवर सुमारे ९० किलोंचा दाब येतो. माझ्या ६ बाय ७ फुटांच्या सांगाड्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४ चौरस मीटर आहे, म्हणजे तो गच्च भरलेला असेल आणि वारा समोरून आला तर साडेतीनशे किलोंचा धक्का. मागे भिंत असल्यानं आणि जाळीतून हवा जात असल्यानं प्रत्यक्षात तो कमी बसतो. तरी हिशेब मोठा धरूनच करावा.

पहिल्या वर्षी मी तो केला नव्हता. कारागिरानं उभ्या पाइपांना खाली पत्र्याच्या पट्ट्या जोडल्या आणि त्या शहाबादी फरशीला बोल्टनं आवळून दिल्या. जुलैतल्या एका रात्री वारा सुटला, फरशीच उचलली गेली आणि अख्खा सांगाडा पुढे येऊन तुळशीवृंदावनावर पडला. तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. पण दुपारी त्याच जागी शेजारची दोन मुलं खेळत असतात. त्या रात्रीनंतर मी या बाबतीत कुणाचंही 'चालतंय हो' ऐकून घेत नाही.

आता प्रत्येक उभा पाइप दोन फूट खोल, सव्वा फूट चौरस खड्ड्यात काँक्रीटमध्ये आहे : एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. काँक्रीटचा माथा जमिनीपासून दोन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवला, म्हणजे पाइपाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. कुंड्या चढवण्याआधी काँक्रीटवर सात दिवस पाणी मारलं आणि आणखी दोन आठवडे थांबले. काळ्या मातीत खड्डा आणखी खोल घ्या आणि खालच्या मुरमापर्यंत जा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाया हलवते. खणण्याआधी ड्रेनेजचं चेंबर, पाण्याचा पाइप आणि विजेची केबल कुठून जाते ते विचारून घ्या.

६. आमच्याकडे गच्ची आहे, खड्डा घेता येत नाही. मग?

गच्चीला भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंगचा कोबा एकदा फुटला की खालच्या घरात गळती सुरू होते आणि शेजारधर्म संपतो. उंची ५ फुटांच्या आत ठेवा, सांगाड्याला पुढे-मागे पाय फुटलेले असू द्या, आणि त्या पायांवर वजन ठेवा. मातीनं भरलेले लांबट वाफेच हे वजन होतात, त्यातूनच वेल वर चढवता येतात. वजन पुढच्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त, आणि शक्यतो खालच्या तुळईच्या वर. वापरातल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलोंचा भार धरण्याची मानकांतली पद्धत आहे. ओली माती हा आकडा चटकन गाठते. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाऱ्यासाठी प्रश्न ५ पाहा, गच्चीवर तो आणखी जोराचा असतो.

७. वेल चढवावेत की कुंड्या लटकवाव्यात?

दोन्ही. वेलाला भिंत भरायला निदान एक पावसाळा लागतो. तोवर कुंड्या डोळ्यांना आधार देतात. माझ्याकडे ६ ओळींत ८-८ अशा ६ इंची ४८ कुंड्या आहेत आणि दोन्ही कडांना जमिनीत वेल. भिजलेली एक कुंडी दोन किलो धरा, म्हणजे एकूण शंभर किलो.

वेल जाळीला बांधायला तार वापरू नका. जुन्या सुती साडीची बोटभर पट्टी घ्या, इंग्रजी आठसारखा पीळ देऊन एक वेढा जाळीभोवती आणि दुसरा वेलाभोवती सैल. खोड जाड झालं की सुती पट्टी स्वतःच ताणते, तार मात्र सालीत रुतते.

भिंतीला मुळांनी चिकटणारे वेल, म्हणजे फायकस रेपेन्ससारखे, अजिबात नकोत. ते जाळी सोडून भिंतीवर उडी घेतात आणि ओढून काढताना गिलावा सोबत आणतात.

८. आमची भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे वर्षभर ऊन, बरोबर?

पुण्यात नाही. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत येतो. या अडीच महिन्यांत भर दुपारीही ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडतं आणि दक्षिणेची भिंत सावलीत जाते. हिवाळ्यात उलट : दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर तिरकं, छान ऊन. पेटुनियासाठी हीच उत्तम भिंत.

पूर्वेची भिंत सगळ्यांत सोपी. पश्चिमेची सगळ्यांत कठीण, कारण एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० च्या आसपास असतानाच तिच्यावर ऊन येतं आणि विटा रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. तिथे बोगनवेल आणि सदाफुलीवर भर द्या. रोपं विकत घेण्याआधी एक दिवस दर दोन तासांनी भिंतीचा फोटो काढा. नर्सरीवाल्याला विचारण्यापेक्षा ते फोटो जास्त खरं सांगतात.

९. उन्हाच्या भिंतीवर कधी काय लावायचं?

मृगाचा पाऊस पडला की वेल लावा. गणेशवेल बियांपासून झरझर वाढतो आणि गणपतीच्या सुमारास लाल चांदण्यांनी भरतो. गोकर्ण निळी आणि पांढरी दोन्ही लावा. आमच्या गल्लीतल्या आजी रोज सकाळी देवासाठी ओंजळभर नेतात, आणि सतत खुडल्यानं वेल आणखी फुलतो. मधुमालती दणकट आहे, पण दोन वर्षांत सांगाडा गिळते, म्हणून वर्षातून एकदा कठोर छाटणी हवी. जाई-जुई संध्याकाळच्या वासासाठी. संक्रांतवेल जानेवारीत नारिंगी झुंबरांनी लगडतो, पण त्याला स्वतंत्र सांगाडा द्या.

कुंड्यांत दसऱ्यासाठी झेंडू हवा तर रोपं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटुनिया, व्हर्बिना, फ्लॉक्स. हे मार्चअखेर थकतात, तेव्हा मोह न धरता उपटा आणि चिनी गुलाब, सदाफुली, झिनिया लावा. मेमध्ये फूल कमी आलं तरी चालेल, रोप जगवायचं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून या. कुठलं फूल पुण्याच्या थंडीत कसं दिसतं हे तिथे एका फेरीत कळतं. रोपांसाठी सोलापूर रस्त्यानं मांजरी, उरुळी कांचनकडे गेलात तर निवड भरपूर मिळते.

१०. भिंत दोन इमारतींच्या बोळात आहे, ऊन येतच नाही.

फुलांची अपेक्षा थोडी कमी करा. दोन तास तरी कोवळं ऊन असेल तर बिगोनिया, इम्पेशन्स, टोरेनिया फुलतात. तेही नसेल तर पीस लिलीची पांढरी फुलं आणि बाकी पानांचा रंग : नेफ्रोलेपिस फर्न, सिंगोनियम, जांभळा ट्रॅडेस्कँशिया, पोपटी मनीप्लँट. अंधाऱ्या बोळात गडद पानं काळी दिसतात, म्हणून पोपटी आणि पांढरट निवडा.

११. कुंडीत कुठली माती?

अंगणातली काळी माती नको. ओली झाली की जड होते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत, दोन भाग पोयट्याची माती, एक भाग भाताचं तूस. पाच किलोंची कोकोपीटची वीट फुलून ७० लिटरच्या आसपास होते. ती भिजवून पाणी दोनदा ओतून द्या, त्यात मीठ असतं. एवढ्याशा मातीत अन्न लवकर संपतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी लिटरला २ ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारं खत किंवा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी.

१२. पाणी किती आणि कसं? वरच्या कुंड्या वाळतात, खालच्या कुजतात.

तक्रार अगदी नेमकी आहे. ठिबकचा नळ बंद केला की नळीत उरलेलं पाणी उतरून खालच्या ओळीत गळतं. शिवाय वरचा निचरा खाली येतो. त्यावर उपाय रोपांच्या जागेत आहे : वर चिनी गुलाब आणि सदाफुली, मध्ये पेटुनिया आणि झिनिया, तळाला फर्न.

उन्हाळ्यात ६ इंची कुंडीला दिवसाला ४०० मिलिलिटर पुरतं, हिवाळ्यात निम्म्याहून कमी. माझ्या ४८ कुंड्यांना मेमध्येही साधारण २० लिटर, म्हणजे एक बादलीच लागते. तासाला २ लिटरचे ड्रिपर असतील तर सकाळी ६ मिनिटं, संध्याकाळी ६ मिनिटं. पाणी १० फुटांवरच्या टाकीतून येत असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर त्यावर उघडतच नाहीत, तिथे साधेच घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी अनेकदा पाणीपुरवठा बंद असतो, म्हणून टायमर थेट नळाला न जोडता टाकीला जोडा.

१३. बोअरचं किंवा आरओचं सोडलेलं पाणी चालेल का?

बोअरचं चालतं, पण पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खर साचतो. महिन्यातून एकदा ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. आरओच्या सोडलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते रोज देऊ नका. कुंडीच्या कडेला पांढरी वर्तुळं आणि पानांची टोकं जळलेली दिसली तर साध्या पाण्यानं कुंडी खळाळून धुवा.

१४. पांढरा कापूस लागला आहे.

पिठ्या ढेकूण. भिंतीकडच्या बाजूनं सुरू होतो, कारण तिथे हवा कमी आणि नजरही कमी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. मुंग्या चढत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. त्या या किडीला रोपारोपावर नेतात. पावसाळ्यात शंखाच्या गोगलगाई रात्री वर चढतात. त्या हातमोजे घालून वेचा, दुसरा उपाय मी करत नाही.

१५. बागेमुळे डास होतील असं सोसायटीतले म्हणतात.

ओल्या मातीत डास होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नका, निचऱ्याची पन्हळ दर आठवड्याला कोरडी करा. सभेत हे शांतपणे समजावून सांगा आणि एकदा सगळ्यांना बाग मागच्या बाजूनं दाखवा. परवानगी मात्र सांगाडा उभा करण्याआधी लेखी घ्या. शेजाऱ्यांची भिंत असेल तर त्यांनाही विचारा, आणि वेल त्यांच्या हद्दीत गेला तर त्यांनी सांगण्याआधी छाटा.

१६. कळलावी लावू का? पावसाळ्यात फार सुंदर दिसते.

दिसते खरी. पानांच्या टोकांनी जाळी धरून चढते, श्रावणात ज्वाळांसारखी फुलते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद तर जिवावर बेतणारा. घरात लहान मूल, कुत्रा, मांजर असेल तर नाहीच. अलामंडाच्या चिकानं कातडीला खाज येते आणि लँटानाची पानं जनावरांना बाधतात, तेव्हा ही दोन्ही लावलीच तर वरच्या ओळीत.

१७. आम्ही मेमध्ये तीन आठवडे गावी जातो.

जाण्याआधी दोन आठवडे सांगाड्यावर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, फुलं आणि कोवळे शेंडे खुडून टाका, मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. टायमर असला तरी किल्ली शेजारी ठेवून जा. माझ्या पाहण्यात टायमरची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

१८. कुंडीत बुलबुलानं घरटं केलं आहे. पाणी कसं घालू?

त्या कुंडीचा ड्रिपर काढून नळी बंद करा आणि आजूबाजूच्या चार कुंड्यांनाही पहाटेऐवजी दुपारी, पक्षी उठून गेल्यावर पाणी द्या. फवारणी पूर्ण थांबवा, कडुनिंबाचीसुद्धा. अंडी साधारण दोन आठवडे उबवली जातात आणि पिल्लं त्यानंतर जवळपास तेवढ्याच दिवसांत उडतात. त्या कुंडीतलं रोप वाळेल, वाळू द्या. गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे तिसऱ्या ओळीतल्या सदाफुलीत तीन अंडी होती, गुलाबी रंगावर तांबूस ठिपके. मांजर जाळीवरून चढू नये म्हणून खालच्या दोन ओळींना बोगनवेलीच्या काटेरी फांद्या बांधल्या होत्या.